काजळ धरणारी भिंत

डबा उभा चिरला, आतली चटईसारखी वेष्टणं सोलली, आणि मेकॅनिकने मातीचा एक गोल ठोकळा वर्तमानपत्रावर ठेवला. साधारण नारळाएवढा, पण नारळापेक्षा हलका. "हाच तो. सगळे शिव्या देतात तो डीपीएफ."

डीपीएफ म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, धुरातली काजळी धरणारा. मी शिव्या द्यायलाच गेलो होतो. महिनाभर माझ्या डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा लागत होता, डब्यात ठिपके भरल्यासारखं चित्र असलेला. आधी ज्या गॅरेजात गेलो तिथे मला फिल्टर काढून टाकायचा आणि सॉफ्टवेअरमधून त्याचं नावच पुसायचा सल्ला मिळाला होता, तोही प्रसादाची पुडी द्यावी इतक्या सहजपणे. त्या गॅरेजचं नाव सांगत नाही. या दुसऱ्या ठिकाणी निदान डबा उघडून दाखवण्याइतकी आस्था होती. कापलेला फिल्टर माझा नव्हता, कुणाचा तरी वितळून बाद झालेला. पण त्याच्या चांगल्या राहिलेल्या भागाकडे मी बघत राहिलो ते शिव्या विसरूनच.

तोंडाशी बुद्धिबळाचा पट. बारीक चौकोनी भोकं, एका चौरस इंचात दोनशे-तीनशे, आणि त्यातलं एक उघडं तर शेजारचं बुजवलेलं. ठोकळा पालथा केला की पट उलटा: इकडे जे उघडं होतं ते तिकडे बंद, इकडे बंद ते तिकडे उघडं. म्हणजे प्रत्येक भोक ही एक लांबट गल्ली, आणि प्रत्येक गल्ली एका टोकाला बंद. पुण्याच्या जुन्या पेठांतले बोळ असेच. शिरावं, वळावं आणि समोर कुणाच्या तरी न्हाणीघराची भिंत यावी. धूर या बोळात शिरतो तेव्हा त्याचंही हेच होतं. परत फिरायला वाव नाही, कारण मागून इंजिन रेटतंय. मग एकच मार्ग उरतो, भिंतीतून. जेमतेम पाव ते तृतीयांश मिलिमीटर जाडीच्या सच्छिद्र भिंतीतून तो शेजारच्या गल्लीत झिरपतो, आणि ती गल्ली दुसऱ्या टोकाला उघडी असते.

या रचनेत मला जे आवडलं ते हे, की इथे रस्ताच नाही. बंद रस्त्यांची एक जोडी आहे आणि त्यांच्यामधली भिंत हाच रस्ता आहे.

मी खिशातल्या पेनाने वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. चौदा सेंटीमीटर व्यास, पंधरा सेंटीमीटर लांबी, चौरस इंचाला दोनशे भोकं. जवळपास पाच हजार गल्ल्या. त्यांतल्या निम्म्या, म्हणजे आत येणाऱ्या गल्ल्यांच्या भिंती सोलून पसरल्या तर दोन चौरस मीटर भरतात. एका माणसाची सतरंजी नारळात घडी करून ठेवली आहे! दीड लिटरच्या इंजिनाचा धूर रस्त्यावरच्या बऱ्यापैकी वेगात या सतरंजीतून जातो तेव्हा भिंत ओलांडताना त्याचा वेग उरतो सेकंदाला चार-पाच सेंटीमीटर. मुंगीची चाल. पाइपात शिरताना जो वाऱ्यासारखा आला, तो इथे मुंगीच्या पावलाने भिंत पार करतो. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

अशा आकाराची माती घडवायची कशी? १९७० च्या दशकात कॉर्निंग या अमेरिकन काच-कंपनीत रॉडनी बॅग्ली, अर्विन लॅचमन आणि रोनाल्ड लुइस या तिघांनी हे पोळं घडवलं, ते मुळात पेट्रोल गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी. युक्ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे: सोऱ्या. चकलीच्या सोऱ्यात भोकातून पीठ येतं. यांच्या साच्यात मागून भोकांतून शिरलेली माती पुढे उभ्या-आडव्या फटींतून बाहेर पडते, फटींत एकमेकींना सांधते, आणि जिथे फट नाही तिथे पोकळी राहते. चकलीत पीठ दिसतं, इथे पिठाने वेढलेली हवा. डिझेलसाठी पुढे एवढंच करावं लागलं, की भोकं पटाप्रमाणे आलटून-पालटून बुजवायची आणि भिंत जास्त सच्छिद्र ठेवायची.

मातीचं नाव कॉर्डिएराइट. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका यांचं हे खनिज, एका फ्रेंच भूवैज्ञानिकाच्या नावाचं. त्याचा गुण असा, की तापलं तरी ते जवळजवळ फुगत नाही. कारण ऐकून मला हसू आलं. त्याचा स्फटिक तापला की दोन दिशांना किंचित फुगतो आणि तिसऱ्या दिशेला उलट किंचित आकसतो. सोऱ्यातून दाबताना मातीचे चपटे कण एका अंगाला वळतात, आणि भट्टीत त्यांतून जन्मणारे स्फटिकही तशीच शिस्त पाळतात. म्हणून थंडगार सकाळी सुरू झालेल्या गाडीत तो काही मिनिटांत सहाशे अंशांवर गेला तरी सहसा तडकत नाही. सहसा म्हटलं, कारण समोर वितळलेला नमुना होताच.

आता खरी गंमत. भिंतीतली भोकं दहा-वीस मायक्रॉनची. काजळीचा कण साधारण एक दशांश मायक्रॉनचा. म्हणजे भोक कणाच्या शंभरपट मोठं. ज्याला आपण गाळणी म्हणतो त्या गाळणीतून हा कण हात हलवत निघून जायला हवा. डीपीएफला गाळणी समजणाऱ्याची इथे फसगत होते, माझीही झाली होती.

इतका बारीक कण सरळ चालत नाही. हवेचे रेणू त्याला सतत ढकलत असतात, त्यामुळे तो दारुड्यासारखा वाकडातिकडा भटकतो. मुंगीच्या चालीने भिंतीतल्या वळणांतून जाताना त्याला भटकायला वेळच वेळ मिळतो, आणि भटकता भटकता तो कुठेतरी भिंतीला चिकटतो. एकदा चिकटला की सुटत नाही. पहिले कण भिंतीच्या आत चिकटतात, मग पुढचे त्यांच्यावर, आणि थोड्याच वेळात भिंतीच्या तोंडावर काजळीची एक मऊ साय धरते. त्यानंतरची सगळी काजळी ही साय धरते, भिंत नव्हे. काजळीच काजळीला गाळते. नुकताच साफ केलेला फिल्टर म्हणूनच थोडा गळका असतो आणि जरा मळलेला फिल्टर शंभरातले नव्व्याण्णवहून जास्त कण अडवतो. कोरी गाळणी ही वाईट गाळणी.

आमच्या घरी आजी काजळ धरायची. निरांजनात एरंडेल, वर तिरकी धरलेली पितळी ताटली, आणि रात्रभर ज्योत. सकाळी ताटलीवर मखमली काळा थर. ती ज्योत मुद्दाम अर्धपोटी ठेवायची: हवा कमी, वात जाड. आणि ताटली थंड हवी, हा तिचा आग्रह. ती अंधश्रद्धा नव्हती. गरम धुरातला बारीक कण थंड पृष्ठभागाकडे ढकलला जातो, हे भौतिकशास्त्र आहे. गरम बाजूचे रेणू त्याला जास्त जोराने टोचतात आणि तो थंडाव्याकडे सरकतो. पोथ्यांची शाईही अशाच काजळीची व्हायची. आजीची ताटली आणि मेकॅनिकच्या टेबलावरचं पोळं, दोन्ही काजळ धरायचीच साधनं. फरक एवढाच, की आजीला काजळ हवं होतं.

आणि हे काजळ म्हणजे काय? मळ नाही. ज्योत पुरी व्हायची राहिलेली आहे ती. इंधनाच्या फवाऱ्याच्या पोटात जिथे उष्णता भरपूर पण हवा नाही तिथे इंधनाचे रेणू फुटतात, त्यांच्या तुकड्यांच्या कड्या जुळतात, कड्यांचे थर, थरांचे गोळे. प्रत्येक गोळा वीस-तीस नॅनोमीटरचा. मग गोळे एकमेकांना चिकटून द्राक्षाच्या वेड्यावाकड्या घोसासारखे होतात. ज्योतीच्या कडेला हवा भेटली तर यातले बरेच घोस जळून जातात. न भेटली तर तसेच बाहेर पडतात. ज्योत पिवळी दिसते ती याच घोसांमुळे. तापून लाल-पिवळी झालेली काजळी म्हणजेच दिव्याचा उजेड. कंदिलाच्या त्या मायाळू उजेडाला आपण इतके भुललेले असतो, पण तो उजेड म्हणजे काजळीच, जळून जायच्या आधी क्षणभर दिसलेली.

फिल्टरमध्ये साठलेली ही अर्धी ज्योत पुढे पुरी करायची असते, नाहीतर इंजिनाचा श्वास कोंडतो. गाडी हमरस्त्यावर असेल तर ती हळूहळू आपोआप जळते: समोरचा प्लॅटिनमचा उत्प्रेरक धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचा डायऑक्साइड करतो, आणि तो डायऑक्साइड अडीचशे-तीनशे अंशांनंतर काजळी कुरतडायला लागतो. पण शहरातल्या सिग्नल-ते-सिग्नल चालीत धूर तेवढा तापतच नाही. मग फिल्टरच्या दोन बाजूंना लावलेल्या बारीक नळ्या दाबातला फरक मोजतात, संगणक ठरवतो की आता पुरे, आणि सिलिंडरमध्ये मुद्दाम उशिरा डिझेल फवारलं जातं. ते सिलिंडरमध्ये जळत नाही, पुढे उत्प्रेरकावर जळतं, आणि फिल्टर सहाशे अंशांपर्यंत तापतो. काजळी ऑक्सिजनमध्येच पेटते. याला गॅरेजात 'रिजन' म्हणतात. रिजन अर्धवट सोडून गाडी बंद केली, आणि हे पुनःपुन्हा झालं, की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं. माझं तेच झालं होतं. ऑइल कमी झालं की माणूस घाबरतो. वाढलं तर मी उलट खूश होतो!

मेकॅनिकचा इलाज साधा होता: "ऑइल बदलतो. मग गाडी खंडाळ्यापर्यंत नेऊन आणा, थर्डमध्ये, अडीच हजारवर." मी गेलो आणि आलो. दिवा विझला. डिझेलवाल्यांच्या अंधश्रद्धेसारखा वाटणारा हा उपाय खरं तर आजीच्या ताटलीच्या नेमका उलट आहे: ज्योतीला जेवढी हवा आणि उष्णता हवी तेवढी द्यायची.

१ एप्रिल २०२० ला आपल्याकडे गाड्यांच्या धुराचं बीएस-६ हे मानक आलं, बीएस-५ ओलांडून थेट. डिझेल मोटारीच्या धुरातले कण किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आणायचे ठरले आणि पहिल्यांदाच कण मोजायचे ठरले: किलोमीटरला ६ वर अकरा शून्यं, त्याहून जास्त नाहीत. एवढं खाली जायचं तर डीपीएफशिवाय इलाज नव्हता. डिझेलमधलं गंधक ५० वरून १० भाग प्रति दशलक्षावर आलं, कारण गंधक असलं की प्लॅटिनम आपलं काम सोडून त्याचं आम्ल करत बसतं. युरोपात प्यूजो ६०७ ही गाडी २००० सालीच फिल्टर घेऊन आली होती, सेरियम मिसळलेल्या इंधनावर, म्हणजे काजळी कमी तापमानाला पेटावी म्हणून. त्याच्याही आधी १९८५ मध्ये मर्सिडीजने कॅलिफोर्नियासाठी तसा एक प्रयत्न केला, तो टिकला नाही. पण हा इतिहास सनावळीचा आहे, रसाचा नाही.

रस आहे तो या प्रश्नात: हीच काजळी जेव्हा आकाशात होती, तेव्हा तिचं काय केलं?

जेट विमानाचं इंधन म्हणजे घरगुती भाषेत चांगलं गाळलेलं रॉकेल. डिझेलचं सख्खं भावंड. १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ मुंबईहून लंडनला आणि त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कला जायला लागली. विमानांची नावं हिमालयातल्या शिखरांची. इंजिनाचं नाव मात्र एका वेल्श नदीचं, कॉन्वे. रोल्स-रॉइसच्या जेट इंजिनांना नद्यांचीच नावं असतात: डरवेंट, नीन, एव्हन, स्पे, ट्रेंट. जेट म्हणजे वाहता प्रवाह, ठोकणारा दट्ट्या नव्हे, हे नावातूनच सांगायचं. ब्रिस्टल या दुसऱ्या इंजिन-कंपनीने ग्रीक पुराण घेतलं: ऑलिंपस, ऑर्फियस, पेगासस. मला नद्या जास्त आवडतात. गोदावरी नावाचं इंजिन असतं तर तेही कॉन्वेइतकंच शोभलं असतं.

कॉन्वे हे प्रवासी विमानसेवेत आलेलं पहिलं बायपास इंजिन. कल्पना ए. ए. ग्रिफिथ यांची: समोरून आलेली सगळी हवा आगीतून नेऊ नये, काही बाजूने तशीच थंड जाऊ द्यावी. कॉन्वेमध्ये आतून दहा किलो तर बाजूने तीन. आजच्या इंजिनात बाजूची हवा आतल्या हवेच्या दहापटही असते. त्या तीनपासून हा प्रवास सुरू झाला. बोइंग ७०७ चा हा कॉन्वेवाला अवतार फार थोडा बनला, सदतीस विमानं. त्यातली काही सांताक्रूझहून उडायची.

आणि मागे शेपटी. त्या काळचा जेट उड्डाणाचा कोणताही फोटो घ्या: चार काळ्या रेघा, एकमेकींत मिसळत गेलेल्या. पहिल्या ७०७ वर प्रॅट अँड व्हिटनीची जी इंजिनं होती त्यांत उड्डाणाच्या वेळी पाणी फवारत. थंड, जड हवेमुळे ढकल वाढायची आणि ज्योत मात्र गारठायची, मग शेपटी आणखीच काळी. त्या फोटोंच्या प्रेमात पडलेले लोक मला भेटतात. मीही एक. काळा धूर, उगवतीचा उजेड, धावपट्टीवरून नाक उचलणारं चंदेरी विमान! पण खरं सांगायचं तर तो फोटो म्हणजे एका न शिजलेल्या स्वयंपाकाचं चित्र आहे.

का न शिजलेला, हे पाहायचं तर एखाद्या विमान-संग्रहालयात कापून मांडलेलं जुनं जेट इंजिन पाहावं. सगळे लोक पंख्याच्या पात्यांकडे बघतात. मी म्हणेन, मधल्या डब्याकडे बघा. त्याला फ्लेम ट्यूब म्हणतात: पत्र्याची लांबट नळी, अंगभर भोकं. कंदिलाचं बर्नर आठवा, तोही असाच छिद्रांचा असतो, आणि कारणही तेच: ज्योतीला हवा कुठे, किती आणि केव्हा द्यायची हे छिद्रं ठरवतात.

कॉम्प्रेसरमधून हवा येते सेकंदाला दीडशे मीटरने. रॉकेलची ज्योत स्वतःच्या बळावर सेकंदाला काही मीटरच सरकू शकते. वादळात काडी पेटवून ती विझू न देण्यासारखं हे काम आहे. म्हणून आधी रुंद होत जाणाऱ्या नळीने वेग उतरवतात. मग नळीच्या तोंडाशी वळवलेल्या पात्यांनी हवेला भोवरा देतात, आणि भोवऱ्याच्या पोटात हवा उलटी, ज्योतीकडे परत येते. पुढच्या काडीला मागची काडी पेटवते तसं ताजं रॉकेल जुन्या ज्योतीने पेटत राहतं. एकूण हवेच्या जेमतेम पाचवा हिस्सा इथे येतो. उरलेली पुढच्या भोकांतून, काही भिंत गार ठेवायला, काही आगीचा ताप उतरवायला. कारण आत अठराशे-दोन हजार अंशांची आग असते आणि पुढची टर्बाइनची पाती त्या तापात लोण्यासारखी वितळतील.

भोकांच्या या ओळी म्हणजे मला एक लिहिलेला मजकूर वाटतो. पहिल्या ओळीत लिहिलंय 'पेट', दुसरीत 'पुरं जळ', तिसरीत 'आता निव'. जुन्या इंजिनांत हा मजकूर पहिल्याच ओळीत चुकायचा. म्हणजे चूक म्हणता येणार नाही, सावधगिरी होती. अकरा हजार मीटर उंचीवर, विरळ हवेत इंजिन विझलं तर पुन्हा पेटलं पाहिजे. म्हणून पहिल्या भागात मुद्दाम रॉकेल जास्त, हवा कमी. भक्कम, पिवळी, न विझणारी ज्योत. आजीच्या निरांजनासारखी अर्धपोटी. तिने आजीच्या ताटलीवर जे केलं तेच आकाशात केलं. पुढच्या ओळींतल्या हवेने बरीच काजळी जाळली, पण सगळी नाही.

मग डीपीएफ का लावला नाही? गॅरेजातून परत येताना मी तोच हिशेब पुन्हा मांडला, या वेळी कॉनकॉर्ड या ध्वनीहून वेगवान प्रवासी विमानाच्या ऑलिंपस ५९३ साठी. ते इंजिन सेकंदाला १८६ किलो हवा गिळायचं. तिला मुंगीच्या चालीने भिंतीतून न्यायचं म्हटलं तर एका इंजिनामागे दोन एकरांच्या वर सच्छिद्र भिंत लागली असती. कॉनकॉर्डच्या पंखांचं सगळं क्षेत्रफळ ३५८ चौरस मीटर. पण खरं कारण भिंतीच्या आकारात नाहीच. डिझेल इंजिनात धूर हा उरलासुरला भाग असतो; काम दट्ट्याने आधीच केलेलं असतं, त्यामुळे धुराला जरा थांबवलं तर थोडं इंधन जास्त लागतं, एवढंच. जेटमध्ये धूर हेच काम आहे. तो सेकंदाला शेकडो मीटर वेगाने मागे निघतो म्हणून विमान पुढे जातं. त्याला मुंगीच्या चालीवर आणणं म्हणजे नदीला बांध घालून पुराची अपेक्षा करणं.

म्हणून जेटला काजळी धरता येत नाही. तिला जन्मताच आवरावं लागतं. इथे दोन्ही यंत्रांचा स्वभाव उघडा पडतो, आणि माझ्या मते या विषयाचं सगळं सौंदर्य या फरकात आहे. डिझेल संसारी आहे: चूक होते, ती घरात साठवतो, मग सवडीने निस्तरतो. जेट फकीर आहे, साठवायला त्याच्याकडे घरच नाही.

आवरण्याची एक रीत आपल्याला घरची आहे. वातीचा स्टोव्ह पिवळा जळतो आणि पातेली काळी करतो. पंपाचा स्टोव्ह, तो पितळी, तीन पायांचा, पिन मारावी लागणारा, निळा जळतो. कारण त्यात रॉकेल आधी तापलेल्या नळीतून जातं, तिथे त्याची वाफ होते, आणि ती वाफ हवेशी मिसळून मग पेटते. फवाऱ्यातला थेंब आतून उपाशी जळतो. वाफ सगळीकडून सारखी जळते. स्टोव्हचा तो फर्र आवाज आणि निळं फूल. आमच्या स्वयंपाकघरात रोज एक जेट इंजिन उभं असायचं आणि कुणाला पत्ता नव्हता.

याच तत्त्वाचे वाफ करणारे बर्नर काही जेट इंजिनांत होते. आर्मस्ट्राँग सिडले वायपर या छोट्या इंजिनात ते होते, आणि आपलं किरण हे प्रशिक्षण विमान आधी वायपरवरच उडालं. ऑलिंपस ५९३ च्या सुरुवातीच्या नमुन्यांत ज्योत वेगवेगळ्या नळ्यांत होती आणि शेपटी काळी होती. प्रवासी कॉनकॉर्डसाठी नळ्या काढून अखंड वलयाकार कक्ष आणि वाफेचे बर्नर आले. काळी शेपटी जवळपास गेली. उड्डाणाला कॉनकॉर्डच्या मागे जो तपकिरी फिकट धूर दिसायचा तो मुख्यतः नायट्रोजनच्या ऑक्साइडचा, काजळीचा नव्हे.

बाकीच्यांनी भोकांचा मजकूर नव्याने लिहिला. जेटी८डी इंजिनाच्या, म्हणजे बोइंग ७२७ आणि ७३७ च्या, काळ्या रेघांमुळे १९७० च्या सुमारास अमेरिकेत इतका ओरडा झाला की विमान कंपन्यांनी जुन्या इंजिनांच्या नळ्या बदलायचं कबूल केलं. नव्या नळ्यांच्या तोंडाशी जास्त हवा येत होती. फायटर विमानांचं दुःख वेगळं. व्हिएतनाममध्ये एफ-४ फँटमच्या जे७९ इंजिनांचा धूर कित्येक मैलांवरून दिसायचा आणि शत्रूला विमानाच्या आधी तोच कळायचा. मिग-२९ च्या आरडी-३३ चीही तीच ख्याती. गोव्यात दाबोळीला आयएनएस हंसावरून उडणाऱ्या नौदलाच्या मिग-२९के मध्ये त्याच इंजिनाचा कमी धुराचा अवतार आहे. तिथे ते उडताना पाहणारे आवाजाबद्दल बोलतात. धुराबद्दल बोलत नाहीत, म्हणजे कुणीतरी आपलं काम नीट केलंय.

एक गमतीची उलटापालटही आहे. हवाई कसरतीत ब्रिटिश हवाई दलाच्या रेड ॲरोज चमूच्या मागे जो पांढरा धूर निघतो तो डिझेलचा असतो! ते जळत नाही. इंजिनाच्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या गरम झोतात डिझेल फवारतात, त्याची वाफ होते आणि लगेच थंडीत थेंब होऊन धुकं बनतं. रंग हवा असेल तर त्यात रंगद्रव्य. डिझेल आणि जेट यांची ही अशी एकच भेट, जिथे जळणं टाळणं हीच कला.

आणि उंचावरच्या पांढऱ्या रेघा? आपण त्यांना स्वच्छ समजतो. पण त्या रेघेतला बर्फाचा कण कशावर तरी धरावा लागतो, आणि बहुधा तो इंजिनातून निघालेल्या काजळीच्या कणावरच धरतो. पांढऱ्या रेघेच्या पोटात काळा दाणा.

दोन्ही इंजिनांची परीक्षा बराच काळ एकाच वस्तूवर झाली: कोऱ्या कागदावर. जेटच्या धुरातून ठरलेला हिस्सा घ्यायचा, पांढऱ्या गाळण-कागदातून ओढायचा, आणि कागद किती काळवंडला ते त्याच्यावरून परतणाऱ्या उजेडाने मोजायचं. यालाच स्मोक नंबर म्हणतात. १ जानेवारी १९८३ पासून बनलेल्या इंजिनांना त्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा लागू झाली. डिझेलचा बॉश स्मोक नंबरही असाच कागदावरचा. कागदाला रॉकेल की डिझेल, आकाश की रस्ता, काही कळत नाही. त्याला फक्त काळं कळतं. पण काळं दिसत नाही इतके बारीक कण आले की कागदही फसतो, म्हणून २०२० पासून जेटच्या कणांचंही नवं मोजमाप सुरू झालं आणि आता त्यांची संख्याही मोजतात. मोटारींनी कागद आधीच सोडला होता. आपल्याकडे नव्या गाड्यांच्या धुराच्या अशा चाचण्या पुण्यात वेताळ टेकडीच्या कुशीतल्या एआरएआयमध्ये होतात, माझ्या गॅरेजपासून फार लांब नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गॅरेजात गेलो, फक्त बघायला. मेकॅनिकने कापलेल्या ठोकळ्याची एक फाक उचलली, वर्तमानपत्रावर हलकेच आपटली. काळं काही पडलं नाही. प्रत्येक गल्लीच्या बंद टोकातून फिकट, राखाडी-पिवळसर पूड सांडली, मूठभरही नाही.

"डिझेलची?" मी विचारलं.

"डिझेलचं सगळं जळून जातं. ही इंजिन ऑइलची राख. कॅल्शियम, झिंक, कायबाय. ही कधीच जळत नाही." त्याने वर्तमानपत्राची पुडी बांधली, आणि माझ्या हिशेबाची आकडेमोड त्या पुडीच्या आत गेली.